डोळा गेला, काटा राहिला

हे लिखाण ज्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे आणि ज्यांना दवाखान्याची भीती वाटते त्यांच्यासाठी आहे. त्यांच्या घरच्यांनी तर जरूर वाचावं, कारण आजाऱ्यापेक्षा घरचेच जास्त चुका करतात. मला हळहळ नको. ती पुष्कळ मिळाली आणि तिचा काही उपयोग झाला नाही.

मी मराठी तिसरीपर्यंत शिकले. पुढे लग्न झालं. त्यानंतरचं माझं लेखन म्हणजे लेकींना पत्रं आणि वाण्याच्या याद्या. आता मला दिसत नाही, तरी हे मीच लिहिते आहे. एका पाटाला आडव्या दोऱ्या बांधल्या आहेत. कागद त्यांच्याखाली सरकवायचा, दोन दोऱ्यांच्या मधे डाव्या हाताचं बोट ठेवायचं आणि बोटाच्या कडेनं शिसपेन चालवायची. माझी सून मालती नंतर ते शाईनं उतरवून काढते. काना-मात्रा नीट कर, पण शब्द बदलू नकोस, असं तिला बजावलं आहे. मागे तिनं एका जागी माझ्या 'मूर्खपणा'चा 'अजाणतेपणा' केला होता. वाचून घेतलं तेव्हा सापडलं. पुन्हा मूर्खपणा करून घेतला.

*

गल्लीत मला हलव्याच्या काकू म्हणत. संक्रांतीचा काटेरी हलवा मी चाळीस वर्षं केला.

तो करताना ज्यांनी पाहिला नाही त्यांना वाटतं, साखर आणि तीळ, त्यात काय आहे! पौषातली कोरडी थंडी लागते. शेगडीत विस्तव असा हवा की राखेखाली निजलेला. वर परात, परातीत तीळ. एकतारी पाक पळीच्या टोकानं थेंबथेंब सोडायचा आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचं. थांबायचं नाही. आच जास्त झाली तर गोळा होतो, कमी झाली तर साखरेचा भुगा पडतो. रोज सकाळी दोन-तीन तास, असे पाच दिवस. तिसऱ्या दिवशी तिळाच्या अंगावर काटा उभा राहायला लागतो. तो कुणी करत नाही. तो येतो. आपण फक्त यायला जागा द्यायची.

नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसवतात आणि अंगभर हलव्याचे दागिने घालतात. ते सासरच्यांनी करायचे. ज्यांना येत नसत ते माझ्याकडे येत. बिंदी, कंठी, बाजूबंद, तोडे, कंबरपट्टा. रेशमाच्या दोऱ्यावर एकेक दाणा गाठीत धरायचा. काटा चांगला असेल तर गाठ सरकत नाही. मी केलेला दागिना घालून पोरीनं फुगडी घातली तरी दाणा गळत नसे.

माझ्या स्वतःच्या घरात मात्र नव्या सुनेची संक्रांत आलीच नव्हती. आधी तीन मुली, त्या दुसऱ्यांच्या घरी नटल्या. दत्तू शेवटचा. तो रेल्वेत मनमाडला असतो, शनिवारी घरी येतो. त्याचं लग्न झालं ते वैशाखात. मिठाच्या सत्याग्रहाला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. मालती चांदवडची. लग्नातच मी तिच्या आईला म्हटलं होतं, "हिच्या पहिल्या संक्रांतीला माझ्या हातचे दागिने बघायला या. असे कुणी पाहिले नसतील." बढाई होती. पण ती खरी करायची, हे मी ठरवून टाकलं होतं.

*

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. सुईत दोरा ओवता येईना. आमचे हे कोर्टात तीस वर्षं नकलनवीस होते, त्यांना कागद आणि शिक्का यांच्यावर भरवसा. ते म्हणायचे, "दवाखान्यात जाऊ. डॉक्टर शिकलेला आहे." मी म्हणायचे, "शिकलेला आहे म्हणूनच सुरी चालवतो." कुणाकुणाचा डोळा दवाखान्यात गेला हे मला सगळं पाठ होतं. कुणाकुणाचा बरा झाला हे मी कधी विचारलं नव्हतं.

आषाढात बुधवारच्या बाजाराला गंगेवर, म्हणजे आमच्या नदीच्या घाटावर गेले होते. तिथे एक सुईवाला बसला होता. छत्री, चटई आणि पितळेची डबी. "आजी, सुरी नाही, रक्त नाही, पट्टी नाही. पडदा बाजूला सारतो, घटकाभरात रामाचं दर्शन घ्या." त्यानं सुई ओठांत धरून ओली केली. हे मी पाहिलं. तेवढं दिसत होतं. पाहूनही उठले नाही. तो मूर्खपणा हा.

डाव्या डोळ्यात सुई टोचली आणि खरंच उजेड पडला. पायऱ्या दिसल्या, पाण्यात उभ्या बायका दिसल्या, एकीचं लुगडं डाळिंबी होतं. मी धावत घरी आले. ह्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "अहो, म्हातारे झालात की!" ते म्हणाले, "तुला दिसत नव्हतं तेवढ्यात उरकून घेतलं."

चार दिवस दिसलं. त्या चार दिवसांत मी संक्रांतीसाठी तीळ निवडून ठेवले. पाचव्या दिवशी डोळा ठणकायला लागला. ठणका म्हणजे कपाळात कुणी उखळ घेऊन बसलं आहे असा. पाणी, पू, उलट्या. ह्यांनी टांगा आणला. पुढच्या बुधवारी ते बाजारात जाऊन आले. सुईवाला नव्हता. असे लोक एका जागी दोनदा बसत नाहीत.

"मी सांगितलं होतं," असं हे एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. मीही दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. त्यांनी सांभाळून बोलायला सुरुवात केली ती तिथून. तेच पुढे महागात पडलं.

*

डॉक्टरांनी दिवा धरून पाहिलं. ह्यांना बाजूला घेऊन बोलायला लागले. मी म्हटलं, "डोळा माझा आहे. इकडे बोला."

ते वळले. "डावा गेला आहे. काढावा लागेल. ठेवला तर उजव्यालाही ओढून नेईल."

"उजव्याचं काय?"

"प्रयत्न करू."

"प्रयत्न म्हणजे?"

"प्रयत्न म्हणजे प्रयत्न, आजी. आधी आला असतात तर दुसरा शब्द वापरला असता."

हा माणूस मला आवडला. साऱ्या आजारपणात माझ्याशी सरळ बोललेला तो पहिला.

डोळा काढल्याचं मला दुःख झालं नाही. इतका ठणकत होता की किडका दात गेल्यासारखं हायसं वाटलं. खरा कंटाळा पुढचा होता. काही दिवसांनी उजव्यावर शस्त्रक्रिया केली आणि मला पाठीवर निजवलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. डोळ्यांवर पट्टी. कूस बदलायची नाही, खोकायचं नाही, रडायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. पातळ पेज नळीच्या भांड्यानं तोंडात घालत. सगळं निजल्या जागी. लाज दोन दिवस वाटते, मग तीही थकते.

दिवस आवाजांवरून कळायचा. केरसुणीचा आवाज म्हणजे सकाळ. फिनेलचा वास म्हणजे डॉक्टर येणार. ह्यांच्या काठीचा आवाज म्हणजे चार वाजले. ते येऊन पिशव्यांजवळ बसत आणि सांगत, "सगळं ठीक होणार." रोज तेच वाक्य, कोर्टातल्या नकलेसारखं, एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही.

परिचारिका रूथबाई म्हणून होती. आवाजानं तिशीची. पहिल्या दिवशी तिनं पाणी पुढे केलं तर मी विचारलं, "कुणाच्या हातचं?" ती म्हणाली, "माझ्या. दुसरा हात हवा असेल तर चार वाजेपर्यंत थांबा, तुमचे यजमान येतील." मी अर्धा तास थांबले. मग प्यायले. जन्मभर पाळलेलं अर्ध्या तासात सुटलं. घरी आल्यावर अंबूताई, म्हणजे आमच्या शेजारीण, म्हणाल्या की प्रायश्चित्त घ्या. मी घेतलं नाही. ज्या हातानं माझी घाण काढली त्याच हाताचं पाणी बाटलं कसं, हे मला कुणी समजावून दिलं असतं तर घेतलं असतं.

शेजारच्या खाटेवर येवल्याची फातमाबी होती, विणकराच्या घरची. तिच्याही डोळ्यांवर पट्टी. मी तिला कधी पाहिलं नाही. पण तिच्या तोंडाला पट्टी नव्हती.

"बाई, जाग्या आहात काय?"

"निजून निजून झोप कुठली?"

"मग ऐका. आमच्या घरात सगळ्यांत चांगली कांडी कोण भरायचं ठावं हाय? माझी सास. दोन्ही डोळ्यांनी आंधळी."

कांडी म्हणजे मागासाठी रेशमाची गुंडाळी. मला वाटलं समजूत घालते आहे. मी म्हटलं, "उगाच सांगू नका."

"उगाच कशाला? तार तुटायच्या आधीच बोट थांबायचं तिचं. आम्ही डोळेवाल्या तुटल्यावर थांबायचो. मरेपर्यंत शिव्या घालायची आम्हाला, आंधळ्या म्हणून!"

मला हसू आलं. पिशव्या हलल्या. रूथबाई धावत आली. "कोण हसलं?" फातमाबी म्हणाली, "मी नाय बा." मी म्हटलं, "मीही नाही." दोघी पट्ट्या बांधून चोरासारख्या पडून राहिलो. आजारपणात मी हसले ती ही पहिली वेळ.

ती आधी सुटली. तिला दिसायला लागलं होतं. जाताना माझा हात हातात घेऊन तिनं मुठीत काहीतरी ठेवलं. काळ्या रेशमाची कांडी. पडल्या पडल्या ती पांघरुणाखाली त्या रेशमाला गाठी मारत असे, आणि रंग काळा आहे हेही तिनंच सांगितलं. "हात रिकामा ठेवू नका बाई," ती म्हणाली. "डोळा नोकर हाय. मालक बोट हाय."

चार दिवसांनी माझी पट्टी सोडली. डॉक्टरांनी विचारलं, "किती बोटं?"

मी म्हटलं, "डॉक्टर, बोटं राहू द्या. हात कुठे धरलाय ते सांगा."

खिडकी कुठे आहे ते मला कळत होतं. कुणी आडवं आलं तर काळोख हलल्यासारखं वाटायचं. तेवढंच राहिलं, आजही तेवढंच आहे. ज्या महिन्यात आमच्या गल्लीत विजेचे दिवे आले त्याच महिन्यात माझे गेले.

*

घरी आले तेव्हा भाद्रपद संपत होता. मला माजघरात भिंतीशी बसवलं आणि घर माझ्याभोवतीनं वाहायला लागलं. उठले की दोघे धावत. "सासूबाई, बसा, मी देते." "अगं, पडशील." चूल बंद, विळी बंद, विहीर बंद. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देत. मला तहान लागायच्या आधी पाणी मिळायचं. त्याचा राग येतो, हे ज्यांना मिळालं आहे त्यांनाच कळेल.

बायका भेटायला येत. च्यक् च्यक् करत. अंबूताई म्हणाल्या, "आता देवाचं नाव घ्या. तेवढ्यासाठीच त्यानं हे दिलं असेल."

मी म्हटलं, "नाव घ्यायला डोळे जायला कशाला हवेत? तुम्ही नाही का डोळे असून घेत?" त्या महिनाभर आल्या नाहीत. तेवढी शांतता मिळाली.

खोटं कशाला लिहू, तीन महिने मी काही केलं नाही. खाल्लं आणि बसले. फातमाबीची कांडी उशीखाली होती, तिला हात लावला नाही. मरणाचे विचार येत, पण त्यालाही कुणीतरी हाताला धरून न्यावं लागेल असं वाटे. मार्गशीर्षात अंबूताई पुन्हा आल्या आणि बाहेरच्या खोलीत हळू आवाजात ह्यांना विचारलं, "मालतीचे दागिने बाहेरून करून घेणार ना? माझ्या बहिणीकडे सांगू का?" हे म्हणाले, "हो, सांगून टाका." डोळे गेल्यापासून माझे कान भिंतीपलीकडे जातात, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मी भिंतीला धरून उठले, बाहेर गेले आणि म्हटलं, "कुणालाही सांगायचं नाही. माझ्या सुनेची संक्रांत मी करणार."

"पदर पेटेल," हे म्हणाले.

"कासोटा मारते, पदर खोचते. तरी पेटला तर तुम्ही आहातच पाणी घेऊन. तीन महिने तेच तर करताय."

*

पौषाची थंडी पडली तशी शेगडी मागच्या पडवीत मांडली. आषाढात निवडलेले तीळ मालतीनं काढून दिले. पाक मी दोन बोटांत धरून तार पाहिली. ती पहिल्यापासून बोटांनीच पाहायची असते, तिथे काही अडलं नाही. परातीत बोटं फिरवायला लागले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी परातीकडे बघायचा प्रयत्न करत नाही. चाळीस वर्षं मी डोळ्यांनी हलवा करत होते आणि बोटं नुसती ढवळत होती. आता प्रत्येक दाणा वेगळा लागत होता. तिसऱ्या दिवशी काटा आला. पाचव्या दिवशी तो इतका टोकदार होता की तळव्याला गुदगुल्या व्हाव्यात. मी हलवा फडक्यावर पसरून मालतीच्या हवाली केला आणि पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालतीनं डबा आणून दिला. "सासूबाई, किती पांढराशुभ्र झालाय!"

हे मागून म्हणाले, "मोगऱ्यासारखा."

मी डब्यात हात घातला. दाणे सारखे होते, जरुरीपेक्षा जास्त सारखे. काटा बोथट. एक तोंडात टाकला आणि चावला. आत साबुदाणा.

माझ्या हलव्याच्या पोटात तीळ असतो.

मी डबा खाली ठेवला. "कुठल्या दुकानातला आणलात?"

मालतीच्या रडण्याचा आवाज. हे म्हणाले, "तिला बोलू नकोस. मी आणायला लावला."

"का?"

"तुझा काळा झाला होता गं. कोळशासारखा. तुला कसं सांगणार?"

निखारा किती फुलला आहे हे बघायला मी डाव्या हातानं शेगडीची कड चाचपत होते, आणि तोच हात परातीत घालत होते. दर खेपेला थोडी काजळी. इतकी साधी गोष्ट.

"केव्हापासून काळा होता?"

"दुसऱ्या दिवसापासून," मालती हुंदक्यातून म्हणाली.

पुढचे तीन दिवस मी तिथे बसून पाक सोडत होते, आणि ही दोन डोळस माणसं माझ्या दोन्ही बाजूंना बसून काळा होणारा हलवा बघत होती आणि 'छान, छान' म्हणत होती. डोळा गेला तेव्हा मी रडले नव्हते. आताही रडले नाही, पण ओरडले. ओरडणं गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल.

"तीस वर्षं कोर्टात खऱ्या नकला केल्यात आणि घरात खोटी आणलीत! सुईवाल्यानं एक डोळा घेतला. तुम्ही दोघे मला उरलेल्या सगळ्याला आंधळी करणार आहात का? वाईट झालं तर वाईट म्हणा. मला वाईट म्हणणारं माणूस हवंय या घरात!"

मग त्यांचा आवाज आला, म्हातारा झालेला. "सुईवाल्याकडे गेलीस तो मूर्खपणा होता."

"होताच," मी म्हटलं. "सहा महिने लागले तुम्हाला एवढं म्हणायला."

त्या दिवसापासून आमचं घर पुन्हा घरासारखं झालं.

*

"माझा हलवा टाकलात?" मी विचारलं.

मालती म्हणाली, "मामंजी टाक म्हणाले होते. मला टाकवला नाही. रंग घाण होता, पण काटा... सासूबाई, माझ्या आईच्या हलव्याला असा काटा मी कधी पाहिला नाही." आणि फडताळातून तिनं तो आणला.

हात घातला. माझाच होता. बोटांना ओळख द्यावी लागली नाही.

संक्रांतीला नऊ दिवस राहिले होते. मी मालतीला समोर बसवलं. "रंग तू सांगायचा, काटा मी सांगते. दिसेल ते बोलायचं. खोटं बोललीस तर हा काळा हलवा अंगभर घालून चारचौघींत बसवीन."

"बसवाल तुम्ही," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती मला असं तोंडावर बोलली. बरं वाटलं.

नियम केला. डावा हात शेगडीचा, उजवा परातीचा, आणि दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही. हे विस्तवाला वारा घालायला बसले. मालती परातीवर नजर ठेवून.

"पांढरा आहे."

"आता?"

"पांढरा. थांबा, कडेला पिवळट होतोय. राख टाका, मामंजी."

"कुठल्या कडेला?"

"तुमच्या डाव्या. अहो नाही, तुमच्या उजव्या! मी समोर बसलेय ना!"

तिघंही हसलो. इथे वाळूच्या पिशव्या नव्हत्या.

डोळस होते तेव्हा माझ्या सासूबाईंनी दाखवलेला एकच नमुना मी चाळीस वर्षं केला. त्या वर्षी मला नमुना दिसतच नव्हता, मग पाळायचा कशाला? मी लवंगांवर पाक चढवला, वेलचीच्या दाण्यांवर चढवला, काकडीच्या बियांवर चढवला. प्रत्येकाचा काटा निराळा आला, कुठे केसासारखा, कुठे गोखरूसारखा. कंबरपट्ट्यात बारीक दाण्याशेजारी जाड, जाडाशेजारी लांबट, असं बोटांना गंमत वाटेल तसं ओवत गेले. मालती म्हणते मी तेव्हा गुणगुणत होते. मला आठवत नाही. पण आता ती खोटं बोलत नाही.

दागिने संपत आले आणि मंगळसूत्र राहिलं. दरवर्षी मी पांढऱ्या हलव्याचे दोन सर करायची आणि काळा दोरा दिसेल असा मधेमधे मोकळा सोडायची, म्हणजे काळे मणी मानून घ्यायचे. या खेपेला मी उशीखालून फातमाबीची काळ्या रेशमाची कांडी काढली आणि मालतीला म्हटलं, "तो काळा हलवा इकडे दे."

"त्याचं काय करता?"

"काळे मणी."

ती जवळ येऊन बसली आणि दाणे निवडून माझ्या तळव्यावर ठेवायला लागली. मी गाठी मारत गेले. काटा असा होता की एकही गाठ सरकली नाही.

*

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळी गल्ली आली. चांदवडहून मालतीची आई आली. अंबूताईही आल्या. आंधळीनं केलेले दागिने कसे आहेत ते बघायलाच बहुतेक जणी आल्या होत्या, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी तेवढ्यासाठीच बसले होते.

चंद्रकळेचा सळसळ आवाज झाला आणि मालतीची आई म्हणाली, "बाई गं."

अंबूताईंनी जवळ जाऊन पाहिलं असावं. "मंगळसूत्राचे हे काळे मणी कशाचे हो?"

"हलव्याचेच," मालती म्हणाली.

"काळा हलवा? असा कधी पाहिला नाही. रंग कुठला घातलात?"

ह्यांनी बाहेरून खाकरून मला इशारा दिला. जुनी खोड.

मी म्हटलं, "शेगडीची काजळी. चुकून झाला. पाच दिवस कळलं नाही, कारण मला दिसत नाही."

कुणी च्यक् केलं नाही. मी वाट पाहिली. मग अंबूताई घसा साफ करून म्हणाल्या, "माझ्या पुतणीचं लग्न ठरतंय फाल्गुनात. पुढच्या संक्रांतीला तिच्यासाठी असंच करून द्याल का?"

"देईन. पण तोंडावर खोटं कौतुक करायचं नाही."

"मी कधी केलंय?" त्या म्हणाल्या. हे मात्र खरं होतं.

त्यानंतर काही पौष झाले. मोतीबिंदू असेल तर दवाखान्यात जा. सुईवाल्याकडे जाऊ नका. घरच्यांनी पाणी हातात देऊ नये, खरं मात्र जरूर द्यावं. एवढं सांगायचं होतं.

आता गल्लीत नवी सून आली की काळ्या मण्यांचं मंगळसूत्र माझ्याकडेच मागतात. मी आधी पांढरा हलवा करते, मालती 'पांढरा' म्हणते तोवर. मग तिला म्हणते, "जा, तुझं काम झालं." आणि ती गेली की डावा हात शेगडीच्या कडेवरून फिरवते आणि परातीत घालते.